पी व्हॅल्यू ०.०९६ आली, आता काय करू?

एका जिल्ह्याच्या ठिकाणी एम. ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या सत्राला असलेल्या विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. तिच्या संशोधन प्रकल्पाचं शीर्षक आहे ‘महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या मोबाईल वापराचा ताणावर होणारा परिणाम’. तिने गूगल फॉर्मवर ६४ मुलींकडून रोजच्या मोबाईल वापराचे तास विचारले आणि ताण मोजणारी दहा प्रश्नांची ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ स्वतः मराठीत करून भरून घेतली. दहाही प्रश्नांचे गुण मिळवून बेरीज केली आणि सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात-घटतात याचं उणे १ ते १ मधलं माप) काढला. सहसंबंध गुणांक ०.२१ आला आणि पी व्हॅल्यू (खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा सहसंबंध येण्याची शक्यता) ०.०९६. ती ०.०५ च्या खाली आली तर निकालाला ‘सिग्निफिकंट’ म्हणतात. अल्फा, म्हणजे दहा प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, ०.४१ आल्याचं तिने जाता जाता लिहिलं आहे. गाईड मॅडम म्हणतात, “सिग्निफिकंट नाही तर व्हायव्हाला काय सांगणार? अजून वीसेक फॉर्म भरून घे.” एक सीनियर म्हणते, वन-टेल्ड टेस्ट लाव, पी निम्मी होते. दुसरी म्हणते, मोबाईल भरपूर आणि ताण कमी असलेल्या तीन मुली काढून टाक. त्या काढल्या तर पी ०.०४ येते, हे पत्रलेखिकेने करूनही पाहिलं आहे. जमा करायला तीन आठवडे उरलेत. तिचा प्रश्न असा : “यातलं कोणतं चालेल? की माझं सगळं काम फुकट गेलं?”

तुम्ही पर्याय तीन दिलेत, पण त्यातला एकही तुमच्या मनाला पटलेला नाही. पटला असता तर हे पत्र आलंच नसतं. त्या तिन्हींकडे येऊच. त्याआधी तुम्ही ज्या ओळीवर थांबला नाहीत, तिथे आपण थांबू : “दहाही प्रश्नांचे गुण मिळवून बेरीज केली” आणि “अल्फा ०.४१”. माझ्या मते तुमची खरी अडचण इथे आहे. पी व्हॅल्यू हे तिचं नुसतं लक्षण आहे.

पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल ही मापनी कोहेन, कामार्क आणि मर्मेलस्टाइन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिनाभरात अमुक गोष्ट किती वेळा जाणवली हे विचारतात आणि ० ते ४ गुण देतात. सहा प्रश्न ताणाच्या बाजूचे आहेत. चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे चार प्रश्न मात्र उलट्या बाजूचे आहेत : आपले प्रश्न आपण हाताळू शकतो असा विश्वास वाटला का, गोष्टी मनासारख्या घडताहेत असं वाटलं का, अशा धर्तीचे. तिथे ‘खूपदा’ म्हणणारी मुलगी ताणात नसते, निवांत असते. म्हणून या चारांचे गुण आधी उलटायचे (४ चं ०, ३ चं १, २ तसाच) आणि मगच बेरीज करायची. तुमच्या पत्रात उलटण्याचा उल्लेख कुठेच नाही.

न उलटल्याने काय होतं ते दोन मुलींवर पाहू. पहिली अगदी स्वस्थ आहे. ताणाच्या सहा प्रश्नांना तिने प्रत्येकी १ दिला, म्हणजे ६ गुण. उलट्या चार प्रश्नांना प्रत्येकी ४ दिले, म्हणजे १६. बेरीज २२. दुसरी पार खचलेली आहे. सहा प्रश्नांना प्रत्येकी ३, म्हणजे १८ आणि उलट्या चारांना प्रत्येकी १, म्हणजे ४. हिचीही बेरीज २२. तुमच्या एक्सेलच्या तक्त्यात या दोघी सारख्याच दिसणार. नीट उलटून मोजलं तर पहिलीचे ६ होतात आणि दुसरीचे ३०. आता ज्या रकान्यात ६ आणि ३० यांत फरकच उरलेला नाही, त्या रकान्याचा मोबाईलच्या तासांशी सहसंबंध काढून हाती काय लागणार? अल्फा ०.४१ येतो तो बहुधा यामुळेच. दहा प्रश्न एका दिशेने बोलत नाहीत, चार जण उलटं ओढताहेत.

म्हणून आधी हे करा. गूगल फॉर्मवरून उतरवलेली मूळ फाइल ‘रॉ’ नावाने वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. दुसऱ्या प्रतीत ‘कधीच नाही’ ते ‘खूपदा’ यांना ० ते ४ आकडे द्या. उलट्या चार प्रश्नांसाठी चार नवे रकाने करा आणि त्यात ‘४ वजा मूळ गुण’ हे सूत्र घाला. (तुम्ही १ ते ५ असे आकडे दिले असतील तर ‘६ वजा मूळ गुण’. इथे चूक फार होते.) जुन्या रकान्यातच आकडे बदलू नका. दोन दिवसांनी उलटलं होतं की नव्हतं हे आठवत नाही आणि माणूस दुसऱ्यांदा उलटून बसतो. मग सहा जुने आणि चार नवे रकाने मिळवून बेरीज घ्या आणि अल्फा पुन्हा काढा. जामोवी किंवा जास्प ही मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक खाच लक्षात ठेवा : विश्वसनीयतेच्या खिडकीत ‘उलटे प्रश्न’ निवडले की अल्फा सुधारलेला दिसतो, पण तो बदल तेवढ्या हिशेबापुरता असतो. तुमच्या डेटामधली बेरीज आपोआप बदलत नाही, ती तुम्हालाच करावी लागते.

अल्फाबरोबर प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंधही मागून घ्या. उलटल्यावरही एखाद्या प्रश्नापुढे उणे आकडा आला तर दोनच शक्यता धरा : तो प्रश्न उलटायचा राहिला, किंवा त्याचं मराठी भाषांतर चुकलं. भाषांतरात आपल्याकडे नकार हमखास घात करतो. “मला अडचणी हाताळता येत नाहीत असं वाटलं” या वाक्यासमोर ‘कधीच नाही’ असा पर्याय ठेवला की वाचणारी गोंधळते. नाही-नाही म्हणजे हो का? निम्म्या जणी एक अर्थ घेतात, निम्म्या दुसरा. असा प्रश्न सापडला तर तो गुपचूप गाळू नका. दहा प्रश्नांचा निकाल मुख्य म्हणून द्या, तो प्रश्न वगळून आलेला निकाल त्याखाली द्या आणि कारण लिहा.

तासांच्या रकान्यातही डोकावून या. फॉर्ममध्ये ‘४-५’ असं लिहिलेलं उत्तर सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर ‘४ मे’ अशी तारीख होऊन बसतं, आणि त्या तारखेचा आकडा केला की पंचेचाळीस-सेहेचाळीस हजार होतो. असा एक आकडा ६४ जणींचा सहसंबंध उलटापालटा करायला पुरतो. कुणी ‘२४०’ लिहिलं असेल तर ती बहुधा मिनिटं आहेत. ‘४-५’चे ४.५ धरणार का, हे एकदाच ठरवा आणि सगळ्यांना तोच नियम लावा.

हे सगळं झालं की सहसंबंध पुन्हा काढा. तो वाढेल, घटेल किंवा उणेही होईल. मला आत्ता सांगता येणार नाही आणि तुम्हालाही आधी कळता कामा नये. तुम्ही विचाराल, मग हा पी व्हॅल्यूशी खेळ नाही का? नाही. कोणते प्रश्न उलटायचे हे मापनीबरोबरच ठरलेलं आहे, तुमचा निकाल पाहून कुणी ठरवलेलं नाही. उलटल्यावर पी ०.०२ आली तरी तीच लिहायची आणि ०.४ आली तरी तीच. चूक दुरुस्त करणं आणि निकाल दुरुस्त करणं यांत फरक हाच : दुरुस्ती आकडा कुठे जाईल हे न पाहता करायची असते. ही कसोटी सीनियर मंडळींच्या सल्ल्यांना लावून बघा.

वन-टेल्ड टेस्टने ०.०९६ ची ०.०४८ होते, हिशेब बरोबर आहे. पण एकाच बाजूची कसोटी लावायची तर ‘मोबाईल जास्त तसा ताण जास्त’ अशी दिशा असलेली परिकल्पना डेटा गोळा करण्याआधी मांडलेली हवी. तुमचा सिनॉप्सिस, म्हणजे सुरुवातीला दिलेला प्रकल्पाचा आराखडा, उघडून बघा. तिथे ‘संबंध आढळेल’ एवढंच असेल तर तुम्ही दोन्ही बाजूंना दार उघडं ठेवलं होतं. सहसंबंध उणे ०.२१ आला असता तर तुम्ही तोही निकाल म्हणून लिहिला असता ना? मग आता एक दार बंद करता येत नाही.

तीन मुलींचं म्हणाल तर नोंदी काढता येतात, पण कारण त्या नोंदीतच असायला हवं. एकीने दोनदा फॉर्म भरला, दिवसाला २६ तास लिहिले, किंवा दहाही प्रश्नांना, अगदी उलट्यांनाही, डोळे मिटून ‘खूपदा’ दिलं, तर ती नोंद काढा. मग तिने तुमच्या परिकल्पनेला हातभार लावलेला असो वा नसो. या तिघींचा दोष एवढाच आहे की मोबाईल भरपूर वापरूनही त्या ताणात नाहीत. अशा मुली जगात आहेत, तुमच्या वर्गातही असतील. त्यांना वगळायचं तर मोबाईल कमी आणि ताण जास्त असलेल्यांनाही वगळा, म्हणजे सहसंबंध थेट १ च्या दिशेने जाईल! त्यापेक्षा विखुरण आलेख (प्रत्येक मुलगी म्हणजे एक ठिपका) काढून बघा. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये चार छोटे डेटासंच मांडले होते. चारही संचांत सहसंबंध तोच, ०.८१६. आलेखात मात्र एक नीट सरळ रेषेभोवती, एक वक्र, आणि एक असा की सगळा सहसंबंध एकाच ठिपक्याने आणलेला. तुमच्या तीन ठिपक्यांची जागा आलेखात दाखवा आणि हवं तर त्यांच्याशिवायचा निकालही पूरक म्हणून द्या. मुख्य निकाल सगळ्यांना धरून.

राहिला मॅडमचा सल्ला, अजून वीस फॉर्मचा. हा सर्वांत निरागस दिसतो. जास्त माणसं म्हणजे जास्त चांगलं, यात चुकीचं काय? चूक माणसं वाढवण्यात नाही. निकाल पाहून, तो आवडला नाही म्हणून वाढवण्यात आहे. आवडला असता तर थांबला असता. खरा संबंध शून्य असताना ०.०५ चा निकष एकदाच लावला तर शंभरात पाच वेळा फसगत होते. समान अंतराने दोनदा डोकावलं तर साधारण आठ वेळा, पाचदा डोकावलं तर चौदा वेळा, दहादा तर एकोणीस वेळा. ‘सिग्निफिकंट येईपर्यंत’ असं ठरवून बसलं तर कधी ना कधी येतंच. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी २०११ मध्ये दाखवलं की अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर काहीही नसताना ‘काहीतरी सापडण्याचं’ प्रमाण ६० टक्क्यांवर जातं. त्यातली प्रत्येक सवलत संशोधक भल्या मनाने घेत होते. मॅडमही भल्या मनानेच सांगत आहेत.

शिवाय वीस फॉर्मनी फारसं साधतही नाही. खरा सहसंबंध ०.२ च्या आसपास असेल, तर ६४ जणींत तो ‘सिग्निफिकंट’ दिसण्याची शक्यता साधारण ३५ टक्के आहे आणि ८४ जणींत साधारण ४५. म्हणजे नाणेफेकीपेक्षाही कमी. ही शक्यता ८० टक्क्यांवर न्यायची तर ०.३ च्या सहसंबंधाला सुमारे ८५, ०.२ ला सुमारे १९४ आणि ०.१ ला सुमारे ७८३ माणसं लागतात. हे तीन आकडे सिनॉप्सिस लिहिणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर चिकटवावेत असे आहेत. जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत निघतात. तरीही मॅडमनी फॉर्मचा आग्रह धरलाच तर भरून घ्या, पण प्रबंधात पहिल्या ६४ जणींचा निकाल, तो पाहून वीस वाढवल्याची नोंद आणि एकूण ८४ जणींचा निकाल हे तिन्ही लिहा.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल : “काम फुकट गेलं?” या प्रश्नामागे एक समजूत आहे. पी ०.०५ च्या खाली म्हणजे संबंध आहे, वर म्हणजे नाही. ०.०९६ चा अर्थ एवढाच : सर्व विद्यार्थिनींच्या बाबतीत खरा संबंध शून्य असता आणि ६४-६४ जणींचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले असते, तर शून्यापासून इतका किंवा याहून दूरचा सहसंबंध शंभरात दहाएक वेळा निव्वळ योगायोगाने आला असता. संबंध असण्याची शक्यता ९० टक्के आहे असा याचा अर्थ होत नाही आणि संबंध नाही हे सिद्ध झालं असाही होत नाही. ०.०५ ही रेषाही निसर्गातली नाही. फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवली आणि ती रुळली.

त्यापेक्षा विश्वास अंतराल लिहा, म्हणजे खरा सहसंबंध साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला. तुमच्या आत्ताच्या आकड्यांवर ९५ टक्के विश्वास अंतराल उणे ०.०४ ते ०.४३ येतं. (गुण उलटल्यावर हे बदलेल, पण वाचायची रीत हीच.) म्हणजे संबंध जवळजवळ शून्य असू शकतो आणि मध्यमाहून बराच अधिकही असू शकतो. ६४ जणींचा अभ्यास यापेक्षा जास्त सांगू शकत नाही, आणि एवढं स्पष्ट सांगणारा प्रबंध मला ‘शून्य परिकल्पना (संबंध शून्य आहे हे गृहीतक) फेटाळली’ या एका ओळीच्या प्रबंधापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. मानसशास्त्राला याची गरजही आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात शंभर अभ्यास पुन्हा केले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच राहिले. न आलेले निकाल कपाटात जातात आणि आलेलेच छापले जातात, हे त्यामागचं एक मोठं कारण.

निकालाच्या प्रकरणात साधारण असं लिहा : “चौथ्या, पाचव्या, सातव्या व आठव्या प्रश्नाचे गुण उलटल्यावर मापनीचा अल्फा अमुक आला. मोबाईल वापराचे तास व ताण यांतील सहसंबंध अमुक, ९५ टक्के विश्वास अंतराल अमुक ते अमुक, पी अमुक (दोन बाजूंची कसोटी, ६४ सहभागी). एकही नोंद वगळलेली नाही.” नोंदी वगळल्या असतील तर किती आणि का ते लिहा. मर्यादांमध्ये तीन गोष्टी नावानिशी हव्यात : नमुना सोयीचा होता (हाताशी आल्या त्यांनाच विचारलं), भाषांतराची स्वतंत्र तपासणी झालेली नाही, आणि तास आठवणीवरून सांगितलेले आहेत. ही शेवटची मर्यादा किरकोळ नाही. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्रात नोंदलेला वापर यांतला सहसंबंध ०.३८ एवढाच निघाला.

शीर्षकातला ‘परिणाम’ हा शब्दही मला खटकतो. आपल्याकडे निम्म्या प्रबंधांच्या शीर्षकात तो असतो आणि आत सहसंबंध असतो. ताण आहे म्हणून मुलगी रात्री मोबाईल घेऊन बसते, असंही असू शकतं. किंवा परीक्षा तोंडावर आल्याने दोन्ही वाढत असतील. शीर्षक मंजूर झालेलं असेल तर आता बदलू नका, पण पहिल्याच प्रकरणात ‘या अभ्यासात परिणाम हा शब्द संबंध या मर्यादित अर्थाने वापरला आहे’ असं एक वाक्य टाका. निष्कर्षात ‘मोबाईलमुळे’ हा शब्द येऊ देऊ नका. व्हायव्हाला पहिला प्रश्न बहुतेक इथेच येतो.

मॅडमशी बोलताना सुरुवात पी व्हॅल्यूने करू नका. “मॅडम, स्कोअरिंगमध्ये माझी एक चूक सापडली, चार प्रश्न उलटायचे राहिले होते, दुरुस्त करून आणलंय,” असं सांगा आणि दोन्ही तक्ते समोर ठेवा. चूक तुम्ही स्वतःहून सांगितली आहे, त्यामुळे पुढचं बोलणं सोपं जाईल. मग नवी पी जी आली असेल ती दाखवा आणि ती मोठी असेल तर ८५-१९४-७८३ चा हिशेब द्या. “व्हायव्हाला काय सांगणार” या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदावर आहे : नमुना लहान होता, अंतराल रुंद आहे, पुढच्या अभ्यासाला निदान दोनशेच्या घरात माणसं हवीत. परीक्षकांना हे उत्तर कमी पडेल असं मला वाटत नाही. आलेला आकडा कुठून आला हे सांगता न आल्यानेच मुलं जास्त अडकतात.

ज्यांचे फॉर्म अजून सुटायचे आहेत, त्यांनी भाषांतर दोघांकडून करून घ्यावं आणि मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करवून ताडून बघावं. आठ-दहा जणांना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावावेत आणि “यातून तुम्हाला काय समजलं” असं विचारावं. मोबाईलच्या तासांसाठी फोनमधल्या डिजिटल वेलबीइंग किंवा स्क्रीन टाइममधला आठवड्याचा आकडा बघून भरायला सांगावा. आणि किती जण, कोणती कसोटी, कोणत्या कारणाने नोंद काढणार, हे तारीख घालून एका पानावर लिहून गाईडची सही घ्यावी. पहिला फॉर्म जाण्याआधी.

तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. कोडिंगला, म्हणजे उत्तरांना आकडे देऊन ते उलटायला, दोन दिवस पुरतील. तिसऱ्या दिवशी एखाद्या मैत्रिणीला ‘रॉ’ फाइल आणि उलटायच्या प्रश्नांची यादी द्या, तुमची फाइल दाखवू नका, आणि कोणत्याही दहा मुलींची बेरीज तिला हाताने काढायला सांगा. दहाच्या दहा जुळल्या तर पुढे जा. एक जरी चुकली तरी सगळ्या ६४ नोंदी पुन्हा तपासा. वेळ कमी पडला तर पूर्वसंशोधनाच्या प्रकरणातली चार पानं गाळा.